तिरका काप

ब्लेड उभं धरू नको, हिलालअप्पा सांगायचे,
उभा काप दिला की सांध्यावर टक् वाजतं,
चौकटीवर कपाळ आपटल्यासारखं.
तिरका दे.
म्हणजे एक आवाज निघता निघता
दुसरा आत येतो
आणि घटकाभर दोघंही उंबऱ्यावर असतात.

मी तेरा वर्षांचा होतो. धरणगावात, बाजारपट्टीच्या मागे
त्यांचं लाऊडस्पीकरचं दुकान.
जिनिंगच्या शेठनं थकलेल्या भाड्यापोटी दिलेलं जर्मन मशीन
फडक्याखाली झोपलेलं असायचं.
बटण दाबलं की त्याचा हिरवा डोळा सावकाश उघडायचा,
तापल्या धुळीचा वास यायचा.
फुटक्या पोळपाटाच्या तुकड्यात अप्पांनी तिरकी खाच पाडलेली,
खुणेला शिंप्याचा खडू.

आखाजीच्या झोक्यावर बाया जे म्हणतात
ते अप्पा गावोगाव जाऊन भरायचे,
मग कापून, जोडून एक लांब रीळ करायचे.
पाळधीनं ओळ सोडली की एरंडोल उचलायचं.
ज्या जन्मात भेटल्या नाहीत
त्या बाया एका दमात गायच्या.

मथुरा आणि धुरपदा भेटलेल्या होत्या.
सख्ख्या बहिणी.
भावाच्या लग्नात एकीला जरीचं आलं, एकीला सुती,
तेव्हापासून अकरा वर्षं
एक माहेरी आली की दुसरी येत नसे.
मथुरा अडावदला दिलेली. तिच्या ओळी दुकानातच भरल्या,
मागे शेजारची शेळी आहे.
धुरपदासाठी अप्पा मशीन मांडीवर घेऊन
एसटीनं शिंदखेड्याला गेले.
वीज होती ती पीठगिरणीत, आणि गिरणीवाला काही थांबेना.
म्हणून तिच्या आवाजाखाली पट्टा फिरत राहतो,
फटक् फटक् फटक्.

अप्पांनी कुणाला विचारलं नाही.
एक ओळ हिची, एक तिची.
हिनं पुसायचं, तिनं सांगायचं.

निंबाला बांधलेल्या कर्ण्यातून ते सुरू झालं
तेव्हा मथुरा झोक्यावर होती.
तिनं पाय टेकवले. बाकीच्या हसत राहिल्या.

सकाळी दुकानात आली.
"मना आवाज तिना आवाजजोडे कोनी बसाडा?"
अप्पांनी ब्लेड पुढे केलं.
तूच काप बाई, तुझं तू घेऊन जा.

तिनं फीत उन्हात धरली.
सांधे पांढरे, ते दिसत होते.
दोन सांध्यांच्या मध्ये कोण आहे ते दिसत नव्हतं.
अलीकडे तपकिरी, पलीकडे तपकिरी.
ओठ हलवत तिनं ओळी मोजल्या,
एकदा चुकली, पुन्हा पहिल्यापासून.
मग हातभर कापून घेतली. उभा काप.
हातभर म्हणजे पाच सेकंद,
म्हणजे एक ओळ.
"हाई मनंच शे," म्हणाली,
पदराच्या टोकाला गाठ मारून गेली.

अप्पांनी टोकं जुळवली, आम्ही रीळ लावलं.
शेळी होती.
त्या जागी गिरणी नव्हती.
मथुरा पुसते, आणि लगेच मथुराच पुढचं पुसते.

पळत जाऊन सांगू का, मी म्हणालो.
एसटी गेली, अप्पा म्हणाले.
घड्याळात सव्वाचार होते.
अडावदची गाडी साडेपाचची.

आता मे महिन्यात पारा शेहेचाळीसला टेकतो,
जुन्या चिकटपट्ट्यांचा डिंक पाझरतो
आणि बाया एकेक करून सुटतात,
आपापल्या गावाला निघाल्यासारख्या.
मी त्यांना पुन्हा बसवतो, तिरक्या.
त्या एका जागी मात्र
हातभर कोरी फीत घातली आहे.
मथुरा पुसते.
मग पाच सेकंद नुसती खरखर,
आणि दुकानाबाहेरून जे काय जाईल ते.
काल भंगारवाला गेला.
आज कुणी नाही.